रविवारी सगळं बंद, म्हणून शनिवारी धावपळ

जर्मनीत संसार करायचा तर आधी कॅलेंडर बघायची सवय लागते, कारण वर्षातले मोजके अपवाद सोडले तर रविवारी सुपरमार्केट बंद म्हणजे बंद. स्टेशन, एअरपोर्टवरची दुकानं आणि पेट्रोल पंप तेवढे चालू असतात, पण पंपावर मिळून मिळून काय मिळणार, दूध नि ब्रेड, ते पण चढ्या भावात. दुकानांच्या वेळांचा कायदा 1956 चा, 2006 पासून वेळा राज्यं ठरवतात, तरी रविवारच्या सुट्टीला घटनेचंच संरक्षण असल्यामुळे ती कुठे जात नाही. ईस्टरला तर गंमतच, शुक्रवार बंद, शनिवार चालू, परत रविवार-सोमवार बंद, आणि त्या शनिवारची झुंबड बघून वाटतं उद्यापासून दुष्काळ पडतोय की काय.

फोडणीच्या वेळी मोहरी संपलीये म्हणून पोराला कोपऱ्यावर पिटाळायची सोय इथं नाही. म्हणून फ्रिजवर यादी लावलीये, ज्याला जे संपलेलं दिसेल त्याने लिहायचं. नवरा फक्त बिस्किटं लिहितो ते सोडा.

यादीतला सगळ्यात नाजूक विषय पीठ. पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात आणि नवीन आलेला माणूस तिथेच गोंधळतो. पीठ जाळलं तर 100 ग्रॅममागे साधारण किती मिलिग्रॅम खनिजं राखेत उरतात त्याचा तो आकडा, म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढा कोंड्याचा अंश जास्त. 405 म्हणजे आपला मैदाच समजा. 1050 च्या पोळ्या होतात, पण गार झाल्या की चिवट, डब्यात द्यायच्या लायकीच्या नाहीत, त्यामुळे आम्ही सरळ इंडियन दुकानातून आट्याची मोठी गोणी उचलतो. कोथिंबीर मात्र टर्किश दुकानातून, तिथे जुडी कशी हातात भरते, सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकमध्ये चार काड्या.

बाटल्यांचं काम मुलांकडे. कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की पावती येते आणि ती काउंटरवर दाखवली की पैसे वळते होतात. बाटली चेपलेली असली आणि बारकोड वाचता आला नाही की मशीन ती परत बाहेर ढकलतं, मग मुलं ती फुंकून फुगवत बसतात आणि मागे रांग लागते. काउंटरवरची बाई तर सामान अशी सरकवते की पिशवीत भरायला सवडच नाही, सगळं ट्रॉलीत लोटा नि बाजूला जाऊन निवांत भरा.

आता चांगलं सांगते. श्रीखंडासाठी इथे पंचा टांगायची भानगडच नाही, क्वार्क म्हणून जे मिळतं तो जवळजवळ चक्काच. 40 टक्के लिहिलेला डबा घ्या, घाबरू नका, तो हिशोब पाणी वगळून असतो, प्रत्यक्षात फॅट 11 टक्क्यांच्या आसपास. बिनफॅटचा घेतलात तर श्रीखंड कोरडं, पिठूळ लागतं. तासभर गाळणीत ठेवा, मग साखर. जायफळ कुठल्याही दुकानात मिळतं, कारण ही मंडळी ते कुस्करलेल्या बटाट्यात घालतात. वेलची मात्र भारतातून येताना आणा, इथे एवढ्याशा बरणीत मोजून दाणे देतात.