अण्णांनी बॉनेट उघडलं

शारजात आल्यापासून मी कायम सेकंडहँड गाड्याच चालवल्या. शेवटच्या गाडीचा एसी ऑगस्टात भर दुपारी, दुबईहून परतताना बंद पडला. मागे चार वर्षांची लेक होती. बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर थापत कसंबसं घर गाठलं. त्या रात्री बायकोला म्हटलं, आता घेईन ती नवीच.

इथे बँक गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि ते पाच वर्षांत फेडावं लागतं. त्या हप्त्यात नवी जपानी सेडान बसेना. चिनी कंपनीची एमजी ५ ही सेडान बसली. साधं १५०० सीसी इंजिन, टर्बो नाही, सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वर सहा वर्षं किंवा २ लाख किलोमीटरची वॉरंटी. ऑफिसात सगळ्यांचं एकच : चायना माल आहे, विकताना रडशील.

दिवाळीला आई-अण्णा सांगलीहून आले. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच त्यांनी चिन्हावर बोट ठेवलं. "ही हेक्टरवाल्यांचीच न्हवं?" त्यांचीच. एमजी म्हणजे मूळची ऑक्सफर्डची मॉरिस गॅरेजेस. २००५ मध्ये बुडीत निघालेली एमजी रोव्हर चीनच्या नानजिंगवाल्यांनी घेतली आणि पुढे ते शांघायच्या एसएआयसी या मोटार कंपनीत विलीन झाले. आपल्याकडे एमजी हेक्टर ही एसयूव्ही घेऊन आली, ही सेडान मात्र भारतात आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर अण्णा बॉनेट उघडून उभे. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी, काढली, रुमालाला पुसली, पुन्हा बुडवली, उन्हाकडे धरून रंग पाहिला. मग म्हणाले, "चालू कर." डोळे मिटून ऐकत राहिले.

शुक्रवारी रास अल खैमातल्या जेबेल जैस डोंगरावर गेलो. आम्ही पाच जण, एसी फुल, समोर चढ. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, १५० न्यूटन-मीटर, तीही इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेऊ लागलं की. त्यामुळे चढावर पाय दाबला की इंजिन एकाच सुरात घोंगावत राहतं. मला हा आवाज अजूनही आवडत नाही. ओव्हरटेक करायचं तर आधीपासून हिशेब मांडावा लागतो. अण्णा अस्वस्थ झाले. "आरं, गिअर पडल्यालं कळंना की!"

वर गाडी लावून मी त्यांना समजावलं. आत दोन पुल्या आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुल्यांच्या बाजू जवळ-लांब होतात, पट्टा वर-खाली सरकतो, म्हणून ठरावीक गिअरच नाहीत. अण्णांनी दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरले, जवळ आणले, लांब नेले. चार-पाच वेळा. "म्हंजे गिरणीचा पट्टाच की. फकस्त चाक लहान-मोठं हुतंय."

लेक मागे आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती. एसीच्या झोताने तिचे केस हलत होते.

विकताना किंमत कमी येईल, मान्य आहे. पण मी ती विकायला घेतलेलीच नाही. हप्ते संपल्यावरही चालवणार आहे. माझ्या पगारात माझ्या घरच्यांना थंड, नवी, भरवशाची गाडी मिळाली, तिला कुणी चायना माल म्हटलं की मला खरंच लागतं.

दर शुक्रवारी सांगलीहून फोन येतो. आधी नातीची चौकशी, मग, "ऑइल बघितलंस का?" मी खाली जातो आणि डिपस्टिकचा फोटो पाठवतो.