दुबई ते टोकियो: जाताना साडेनऊ तास, येताना अकरा

दुबई ते टोकियो हवाई अंतर साधारण ७,९०० किमी. डायरेक्ट फ्लाइटला जाताना साडेनऊ तासांच्या आसपास लागतात आणि येताना अकरा, कधी थोडे जास्तच. बुकिंग करताना या फरकाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, पण पुढचं बरंचसं प्लॅनिंग त्याच्यावरच अवलंबून असतं म्हणून सविस्तर लिहितोय.

कारण जेट स्ट्रीम. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा, आणि हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर तो इतका जोरात असतो की कधीकधी ताशी ३०० किमीच्याही वर जातो. आम्ही जानेवारीत गेलो, समोरच्या स्क्रीनवर मॅप चालूच ठेवला होता, कोरिया मागे पडताना स्पीड १,१०० च्या वर गेला आणि परत येताना त्याच पट्ट्यात ७०० च्या आसपास, खिडकीतून काहीच जाणवत नाही पण तो आकडा बघितला की पटतं. या वाऱ्याची मोजमापं १९२० च्या दशकात ओइशी वासाबुरो या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून घेतली आणि रिपोर्ट छापला चक्क एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, बाहेरच्या जगाने तो फारसा वाचलाच नाही. मला फार वाईट वाटतं त्या माणसासाठी.

आता घड्याळाचं बघू. टोकियो दुबईच्या ५ तास पुढे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, त्यामुळे पहाटे ३ ला निघालेलं विमान संध्याकाळी साडेपाचला पोचतं, म्हणजे अख्खा दिवस विमानातच गेला समजा आणि त्या दिवसाचं हॉटेल सोडून काहीही बुक करू नका. येताना उलटं, रात्री साडेदहाला निघून पहाटे साडेचारला दुबईत. कागदावर सहाच तास दिसतात पण बसायचंय अकरा तास.

झोपेचं म्हणाल तर जाताना विमान सुटल्या सुटल्या झोपा, जेवणाची वाट बघत जागू नका. टोकियोत सकाळी ८ वाजता शरीराच्या हिशोबाने पहाटेचे ३ असतात, म्हणून पहिल्या सकाळी लवकरचं काही ठेवू नये, उठून उन्हात चालत फिरा, त्याने खरंच फरक पडतो.

टोकियोला नारिता आणि हानेदा असे दोन एअरपोर्ट आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते नीट बघून घ्या. नारिता शहरापासून ६० किमीवर आहे, नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनला तासभर लागतो, शहरातल्या निप्पोरी स्टेशनकडे जायचं असेल तर स्कायलायनर ही ट्रेन जास्त फास्ट, ४० मिनिटांत. हानेदा एकदम जवळ, मोनोरेल नाहीतर केइक्यू लाइनची ट्रेन पकडायची. पण हानेदाला उतरायची वेळ रात्री उशिराची असेल तर ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात हे धरून चाला, इमिग्रेशन आणि बॅगांना तास गेला की टॅक्सीच उरते. व्हिजिट जपान वेब या जपान सरकारच्या साइटवर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती आधीच भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, रांगेत वेळ वाचतो.

आणि परतीला दुबईहून पुढची फ्लाइट असेल तर हिवाळ्यात मध्ये निदान ३ तास ठेवाच, समोरचा वारा जोरात असेल तर अकराचे बारा तासही होऊ शकतात. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पुढची चुकलीच तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची राहते.