कालनिर्णय वाचवणारा प्रोजेक्टर

स्मार्ट प्रोजेक्टर पारखायला बसले की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती म्हणजे या यंत्राला काळा रंग दाखवताच येत नाही. त्याला फक्त उजेड टाकता येतो. जिथे काळे हवे तिथे उजेड न टाकण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. चित्रपटातली अमावस्येची रात्र आपल्याच खोलीतल्या काळोखातून पुरवावी लागते, आणि आमच्या जळगावात मे महिन्यात तो साडेसातच्या आधी मिळत नाही. यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजवाल्यांना हे पक्के ठाऊक होते. दिवस मावळल्याखेरीज त्यांचा खेळ लागत नसे.

म्हणून खोक्यावरच्या आकड्यांपैकी मी आधी आन्सी ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या प्रमाणित मापाचा, आकडा शोधतो. पडद्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर पडणारा उजेड मोजायचा आणि त्याच्या सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे, असा त्याचा साधा हिशेब आहे. बाजारात हजारो ल्युमेन मोठ्या अक्षरांत छापलेली स्वस्त खोकीही असतात. त्यांवर ‘आन्सी’ हा शब्द नसेल, तर तो आकडा दिव्याचा की छापणाऱ्याच्या उत्साहाचा, हे कळायला मार्ग नसतो. तीच गत ‘फोर-के सपोर्ट’ची. ३८४० × २१६० चे चित्र हे यंत्र स्वीकारते खरे, पण त्याची मूळ क्षमता १९२० × १०८० असेल तर भिंतीवर त्यातले चौथ्या हिस्स्याएवढेच ठिपके उतरतात.

शंभर इंच हे कर्णाचे माप. प्रत्यक्षात ते चित्र सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडे उंच होते, आणि थ्रो रेशो, म्हणजे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असेल तर त्यासाठी यंत्र भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर ठेवावे लागते. आमच्या जुन्या घराच्या बैठकीत नेमके तिथेच दाराचे उंबरे येतात, त्यामुळे दाजींनी भुसावळहून पाहायला म्हणून आणलेला प्रोजेक्टर आम्ही कडेच्या स्टुलावर तिरका ठेवला. तिरके पडलेले चित्र त्याने आपणहून चौकोनी करून दिले, आणि पाहणाऱ्यांनी वाहवाही केली. तथापि या सोयीची किंमत चित्रच मोजत असते: चौकोनाबाहेर जाणारे ठिपके यंत्र वापरातून काढून टाकते आणि उरलेल्यांत सगळे चित्र दाबून बसवते. खालच्या उपशीर्षकांकडे जवळ जाऊन पाहिले, तेव्हा ‘र’ आणि ‘स’ यांच्या तिरप्या रेघांना करवतीसारखे दाते आलेले स्पष्ट दिसत होते.

खरी करमणूक झाली ती अडथळा टाळण्याच्या सोयीने. भिंतीवर खिळ्याला लटकलेले कालनिर्णय त्या यंत्राने पाहिले आणि त्याला धक्का न लावता शेजारच्या मोकळ्या जागेत मावेल एवढे चित्र आक्रसून घेतले. “दाजी, ते कॅलेंडर काढा की तिथून,” असे सांगावे लागले, तेव्हा कुठे चित्र पुन्हा पसरले. भिंत चुन्यात नीळ घालून रंगवलेली असल्यामुळे माणसांचे चेहरे किंचित आजारी दिसत होते; भिंतीचा रंग ओळखून चित्र सुधारण्याची सोय चालू केल्यावर चेहरे सुधारले, पण एकूण चित्र मंदावले. नुसता पांढरा, सुरकुती नसलेला पडदा हे काम जास्त प्रामाणिकपणे करतो, असे माझे मत आहे.

पंख्याच्या आवाजावर परीक्षक मंडळी बरेच लिहितात. खान्देशात उन्हाळ्यात कूलर सुरू असताना तो ऐकू येईल, असे मानणे धाडसाचे आहे. इथे चिंता उष्णतेची करावी. बहुतेक प्रोजेक्टरांच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ ते ४० अंश सेल्सियस असते, आणि आमचा मे महिना ४५ ला जाऊन टेकतो. तेव्हा गच्चीवर रात्री उशिराचा खेळ लावणे माणसांना सोयीचे, तसेच यंत्रालाही. धुळीसाठी भिंगाची पेटी बंदिस्त असलेली बरी.

राहिला ‘स्मार्ट’पणा. यूट्यूबवरची अहिराणी गाणी आणि विनोदी प्रसंग त्यावर उत्तम चालतात. आमच्या घरी सर्वांत जास्त तेच पाहिले गेले. पण नेटफ्लिक्ससारख्या सेवांसाठी यंत्राला त्यांची मान्यता आणि वाइडव्हाइनचा, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाचा, एल-१ हा वरचा दर्जा लागतो. एल-३ या खालच्या दर्जावर त्यांचे चित्र एचडी होत नाही आणि शंभर इंचांवर ते धुरकट दिसते. शिवाय आतले सॉफ्टवेअर काही वर्षांत जुने होते, भिंग मात्र होत नाही. म्हणून पैसा उजेडावर आणि भिंगावर घालावा, आणि स्मार्टपणासाठी एचडीएमआयच्या खाचेत इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी वेगळी स्टिक लावावी, हे मला पटते.

दुकानात पाहायला जाल, तर काळे पडदे बाजूला सारून दिवे लावायला सांगा. विक्रेता आधी थोडी कुरकुर करील आणि मग यंत्र भिंतीजवळ सरकवून चित्र लहान करील. ज्या आकाराला चेहरे पुन्हा ठसठशीत दिसू लागतील, तो आकार मोजून घ्या. दिवे चालू ठेवून घरी तेवढाच मिळणार आहे.