स्वस्त झालेला चहा समुद्रात का फेकला?

बॉस्टनच्या फुटपाथवर लाल विटांची एक रेघ काढलेली आहे. फ्रीडम ट्रेल म्हणतात तिला. रेघ धरून अडीच मैल चालत गेलं की अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेली सोळा ठिकाणं लागतात. बहुतेक लोक ती दोन-तीन तासांत उरकतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पाटीसमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, पुढच्या पाटीकडे पळायचं. अष्टविनायक दीड दिवसात आटोपणाऱ्यांची बस असते ना, अगदी तसं.

मी भाचीकडे गेले होते. हार्वर्ड झालं, व्हेल दाखवणारी बोट झाली, सरोवराकाठी सहलही झाली. सगळं छान झालं. लिहावंसं वाटतंय ते मात्र ओल्ड साउथ मीटिंग हाउसबद्दल. अमेरिकेत तेव्हा इंग्लंडच्या वसाहती होत्या. 1773 मध्ये करावर चिडलेल्या बॉस्टनकरांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला, ‘बॉस्टन टी पार्टी’ म्हणतात त्याला, आणि त्याआधीची सभा इथेच भरली होती.

काचेच्या उंच ऑफिसांच्या मधोमध ही विटांची जुनी इमारत उभी आहे. 1729 मध्ये प्यूरिटन, म्हणजे साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी प्रार्थनेसाठी बांधलेली. आत ना मूर्ती ना सोनेरी नक्षी. मोठ्या खिडक्या, पांढरा रंग, वर सज्जा. काही बाकांना लाकडी कठडा आणि छोटंसं दार आहे. एकेका कुटुंबाने आपापल्या चौकोनात बसायचं. भाचीचा मुलगा पाचवीत आहे. शाळेत हा धडा नुकताच झाला होता, त्यामुळे तो मला सगळं समजावून सांगत होता. ‘नो टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन’, म्हणजे आमचे प्रतिनिधी नाहीत तर करही नाही, हे त्याने एका दमात म्हणून दाखवलं. आणि मग थांबून विचारलं, “पण आजी, त्या वर्षी चहा तर स्वस्त झाला होता. मग फेकला कशाला?”

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आम्ही त्या चौकोनातच बसलो आणि मी जमेल तसं सांगायला लागले.

1763 मध्ये फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध इंग्लंडने जिंकलं, पण डोक्यावर कर्ज केवढं झालं! ते फेडायला वसाहतींनी हातभार लावावा, असं लंडनने ठरवलं. 1765 मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. मृत्युपत्र, परवाना, वर्तमानपत्र, इतकंच काय पत्त्यांचा जोड आणि फासे, सगळ्यांवर मुद्रांक. वकील, छापखानेवाले आणि गुत्त्यांचे मालक अशा तीन बोलक्या वर्गांना एकाच कायद्याने दुखावल्यावर दुसरं काय होणार? वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच दिवसांत पार्लमेंटने दुसरा कायदा करून बजावलं की वसाहतींसाठी कसलेही कायदे करण्याचा हक्क आमचाच. 1767 मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात बसली. विरोध झाला, 1770 मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची तीन पेन्सची तेवढी मुद्दाम ठेवली. हक्क दाखवायला.

त्या जकातीचा पैसा कुठे जात होता, इथे खरी मेख आहे. गव्हर्नरचा पगार पूर्वी मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे बॉस्टन ज्या वसाहतीत होतं तिची, स्थानिक विधानसभा मंजूर करायची, त्यामुळे त्याला लोकांचं ऐकून घ्यावं लागे. आता तो पगार थेट राजाकडून, जकातीच्या उत्पन्नातून मिळू लागला. न्यायाधीशांचंही तसंच करायचं घाटत होतं. म्हणजे कर तुम्ही भरायचा आणि त्याच पैशावर तुम्हाला न जुमानणारा अधिकारी पोसायचा. 1773 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपला पडून राहिलेला चहा थेट अमेरिकेत पाठवायची सवलत मिळाली, म्हणून तो स्वस्त झाला. पण विकायचा मक्ता मोजक्या व्यापाऱ्यांना, आणि बॉस्टनच्या त्या मक्तेदारांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे. स्वस्त चहा एकदा प्यायला की तीन पेन्सही कबूल केल्यासारखे, आणि तीन पेन्स कबूल केले की पुढचं सगळंच.

पोराने मान डोलावली. पटलं असावं.

16 डिसेंबर 1773 ला या सभागृहात आणि बाहेर मिळून सुमारे पाच हजार माणसं जमली होती. चहा घेऊन आलेलं ‘डार्टमथ’ जहाज बंदरात येऊन वीस दिवस होत आले होते, जकात भरायची मुदत संपली की कस्टमवाले माल जप्त करून उतरवणार. जहाजाच्या मालकाला, फ्रान्सिस रॉचला, गव्हर्नरकडे पाठवलं: जहाज चहासकट परत जाऊ द्या. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन आला. त्या रात्री तीन जहाजांवरच्या 340 च्या आसपास पेट्या, सुमारे 42 टन चहा, पाण्यात गेला. (हा चहा आसामचा नव्हे. आसामात तेव्हा मळेच नव्हते. सगळा माल चीनचा.) तो धक्का आता शोधूनही सापडत नाही. भराव घालून तिथे रस्ता आणि इमारती झाल्यात, अटलांटिक अ‍ॅव्हेन्यूवर नुसती पाटी आहे.

माझ्या मते मात्र स्वातंत्र्याची वाट चहाने मोकळी झाली नाही, ती चहाच्या शिक्षेने झाली. पेट्या फेकणं बॉस्टनबाहेर अनेकांना पसंत नव्हतं, नुकसान भरून द्यावं असं म्हणणारे होते. लंडनने जरा दम धरला असता तर? पण 1774 मध्ये एकामागून एक कायदे आले. 1 जूनपासून बंदर बंद, म्हणजे गुन्हा शंभर-दीडशे माणसांचा आणि उपासमार सगळ्या गावाची. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा घ्यायची नाही. अधिकाऱ्यावर खुनाचा खटला झाला तर तो इंग्लंडमध्येही हलवता येईल. मग बॉस्टनच्या मदतीला दुसऱ्या वसाहती धावल्या, कनेटिकटहून मेंढ्या आल्या, साउथ कॅरोलायनातून तांदूळ आला. व्हर्जिनियाच्या सभेने 1 जूनला उपास आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला, तर तिथल्या गव्हर्नरने ती सभाच बरखास्त केली. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. तेव्हाही बहुतेकांना राजाशी फारकत नको होती.

आणि हे सभागृह? 1775 मध्ये ब्रिटिश फौजेने इथले बाक उखडले, जमिनीवर माती पसरली आणि घोडेस्वारांना तालीम द्यायला रिंगण केलं. आम्ही बसलो होतो ते बाक नंतरचे. हे ऐकल्यावर मला तिथे बोलवेना. जिथे लोक बोलतात ती जागाच घोड्यांच्या टापांखाली घालायची!

इथे प्रार्थनेला येणाऱ्या मंडळीत कवयित्री फिलिस व्हीटली होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली, सात-आठ वर्षांची असताना बॉस्टनच्या बाजारात विकली गेलेली. 1773 मध्येच तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला. स्वातंत्र्याची भाषणं झाली त्या छपराखाली माणसं विकत घेणारेही बसत होते, हे मुलांना सांगायलाच हवं. मी सांगितलं.

रात्री घरी वाचत बसले तर आणखी एक गोष्ट हाती लागली. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी 1773 मध्येच टोपणनावाने एक पत्रक काढलं होतं. त्यात बंगालचा दुष्काळ आहे. एका वर्षात पंधरा लाख माणसं मेली म्हणतात, आणि तीही पीक आलं नाही म्हणून नव्हे. कंपनीच्या लोकांनी धान्य कोंडून भाव चढवले म्हणून. हीच कंपनी आता आपल्याकडे वळली आहे, असा त्यांचा इशारा होता. आमच्या दुष्काळाने तिकडची माणसं सावध झाली, हे वाचून मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. आम्हाला मिठागरात उतरायला 1930 उजाडावं लागलं. शिरोड्याच्या सत्याग्रहात लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या मिठासाठीच.

तुम्ही गेलात तर ट्रेल पुरी करायच्या फंदात पडू नका. ओल्ड साउथ आणि ओल्ड स्टेट हाउस एका तिकिटात होतात, तेवढीच बघा, पण बसून बघा. 1775 मध्ये जिथे ब्रिटिश फौजेशी चकमक झाली तो कॉन्कॉर्डचा पूल आम्ही घाईत पाहिला आणि मला आता त्यातलं काही धड आठवत नाही.

पुढच्या खेपेला यॉर्कटाउन. 1781 मध्ये तिथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. पाच वर्षांनी हाच गृहस्थ गव्हर्नर-जनरल होऊन आपल्याकडे आला, 1792 मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा सोबत घेऊन त्याने टिपूला नमवलं, आणि 1793 मध्ये बंगालचा शेतसारा कायमचा ठरवून दिला. रयतेला न विचारता.