सावंतवाडी ते जुनं गोवं, पायी

मी वसईचा, पण मावशी सावंतवाडीला दिलेली आणि तिच्या वाड्यातले लोक जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, चालत जातात, त्यांच्यासोबत यंदा मीपण निघालो. सायब म्हणजे गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर. 3 डिसेंबरला फेस्त, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, त्यामुळे चालणारे ग्रुप त्याच दिवसांत रस्त्यावर दिसतात.

हायवेबद्दल फार लिहीत नाही. अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत जमेल तेवढं कापायचं, पुढे गाडीवर सायबाची मूर्ती आणि मागे आम्ही तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. बांद्यानंतर पत्रादेवी लागतं, इथे 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी स्मारकापाशी थांबून मेलेल्यांसाठी प्रार्थना केली मगच पुढे पाऊल टाकलं, ते मला फार म्हणजे फार आवडलं.

पण खरी वाट पणजी सोडल्यावर सुरू होते. रायबंदरचा तो लांब बांध पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये घातलेला, तीन किलोमीटरच्या आसपास, आणि अजून त्यावरून वाहतूक चालते. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला तिवरं आणि मिठागरं, मीठ पिकायचा सीझन अजून लागलेला नसतो म्हणून नुसतं पाणी भरलेलं असतं आणि त्यात बगळे उभे. गाडीतून हे सगळं पाच मिनिटांत मागे पडतं, चालताना मात्र कळतं की जुनं गोवं हे शहर नदीमुळेच वसलं, जहाजं थेट धक्क्याला लागायची. आणि उठलं ते रोगराईमुळे. मलेरिया, पटकी, खराब पाणी, माणसं मरत गेली, 1759 मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. घरं-वाडे गेले, चर्चेस तेवढी राहिली, मधे माडांची झाडं.

बॉम जिझस, म्हणजे सायबाचं शव ठेवलेलं चर्च, समोर आलं तेव्हा पायांचं दुखणं विसरलो. 1605 मध्ये पूर्ण झालेली ही बॅसिलिका जांभ्याची, म्हणजे आपल्या कोकणातला चिराच, जो दोन दिवस आम्ही रस्त्याकडेच्या गडग्यांत आणि घरांच्या भिंतींत बघत आलो होतो. पण दर्शनी भागातलं कोरीव काम काळ्या बसाल्टचं आहे आणि तो दगड वसईहून आणलेला! तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. माझ्या गावचा दगड चारशे वर्षं सायबाच्या दारात उभा आहे हे कळल्यावर मी रांग सोडून तिथेच थांबलो, मावशी हाका मारत होती तरी.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढून टाकला. लाल भिंत फोटोत छान दिसते हे मान्य, पण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि गोव्यात वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जवळून बघा, काही चिऱ्यांच्या कडा झिजल्यात. माझ्या मते गिलावा परत करायला हवा, कोकणात चिऱ्याचं घर बांधणारा कुठलाही गवंडी हेच सांगेल.

फेस्ताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, झाली की बहुतेक लोक खाजं घेऊन बसला लागतात. तसं करू नका. सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघा, चर्च कोसळलं पण 46 मीटरचा मनोरा अर्धा चिरलेल्या अवस्थेत अजून उभा आहे, तोही जांभ्याचाच. आणि मग मोंतीच्या सायबिणीच्या (मदर मेरीच्या) कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची, टेकडी चढा, पाय दुखत असले तरी चढाच. वरून मांडवी, पलीकडे दिवाड बेट, आणि माडांतून वर आलेली पांढरी चर्चेस दिसतात, त्यात से कॅथेड्रलचा एकच बुरूज आहे कारण दुसरा 1776 मध्ये पडला. पुढच्या वर्षी वसईहून कोणाला यायचं असेल तर सांगा, मावशीला विचारून ठेवतो.