दहा वर्षांची मुदत आणि वर्गातले वर आलेले हात

द्वितीय वर्षाच्या राज्यशास्त्राच्या वर्गात आरक्षणाचा घटक सुरू झाला की, पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हमखास विचारते, 'सर, बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवले होते ना?' मी उत्तर देत नाही. संविधानाची मराठी प्रत पुढच्या बाकावर देतो आणि अनुच्छेद ३३४ मोठ्याने वाचायला सांगतो. दहा वर्षांची मुदत तिथे आहे खरी, पण ती लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांपुरती. तीच वेळोवेळी वाढत आता २०३० पर्यंत आली आहे. नोकऱ्यांविषयीचा १६(४) किंवा शिक्षणाविषयीचा, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेला १५(४), यांत मुदतीचा शब्दही नाही. घरी वर्षानुवर्षे ऐकलेले वाक्य पाच मिनिटांत पुसले जात नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र मूळ मजकूर स्वतः वाचलेला विद्यार्थी पुढच्या वेळी थोडा थबकून बोलतो.

त्यानंतर मी कोल्हापूरला जातो. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सारे मागासलेले मानले. म्हणजे मराठेही त्यातच आले. हे ऐकल्यावर, मोर्च्यांना जाऊन आलेली मुले आणि त्या मोर्च्यांवर नाराज असलेली मुले एकाच वेळी वर पाहतात. एरवी हे क्वचितच घडते.

या विषयातली माझी सर्वांत मोठी चूक मात्र माहितीची नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भर वर्गात म्हणालो, 'आरक्षणातून प्रवेश मिळालेल्यांनी हात वर करा.' काही हात खांद्यापर्यंत येऊन थांबले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, 'सर, मी एस.सी. आहे, पण माझे नाव खुल्या यादीत लागले. मी हात वर करायला हवा होता का?' मी तिची माफी मागितली. पण वर्गात ती मागायला हवी होती, हे सुचायला मला आठवडा लागला.

तिचा तो प्रश्न आता मी आकड्यांत घालून सर्वांना देतो. शंभर जागा, त्यांपैकी तेरा अनुसूचित जातींसाठी. गुणवत्ता यादीत विसाव्या क्रमांकावर अनुसूचित जातीची मुलगी. सवलत न घेता, निव्वळ गुणांवर तिला जागा मिळाली, तर राखीव जागा किती उरल्या? अर्ध्याहून अधिक वर्ग 'बारा' लिहितो. उत्तर तेराच आहे, कारण ती खुल्या जागेवर आली. खुली जागा म्हणजे खुल्या प्रवर्गाची जागा नव्हे, हे तेव्हा कुठे फळ्यावर लिहिता येते, आणि त्यावरची वादावादी मग घंटा झाल्यावरही जिन्यात सुरू राहते.