दोन सेंटिमीटरवरची लीख

जुलैतल्या एका मंगळवारी लेकीच्या डायरीत लाल पेनाने एक ओळ आली: ‘डोक्यात उवा-लिखा आहेत. केस पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय शाळेत पाठवू नये.’ खाली सही, तीही लाल. त्या ‘पूर्ण स्वच्छ’ने माझे पुढचे सहा दिवस खाल्ले. उवांनी एवढा छळ केला नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. बायको तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेलेली. घरी मी, माझी आई आणि तिसरीतली पोरगी. बायको जायच्या आधी सांगून गेली होती की हिचं डोकं खाजतंय, बघ. मी मेडिकलमधून उवांचा शाम्पू आणला आणि शाम्पूसारखाच वापरला. फेस आला, धुतलं, झालं. दोन मिनिटंसुद्धा ठेवला नसेल. त्यातही आईने आदल्या रात्री डोक्यावर खोबरेल थापलेलं. बाटलीवर बारीक अक्षरांत दहा मिनिटं लिहिलं होतं, ते मी चष्मा लावून दोन आठवड्यांनी वाचलं. तेही लाल ओळ आल्यावर.

आईकडे तिचे उपाय तयारच होते. तिच्या माहेरी सीताफळाच्या बिया वाटून लावायचे. ‘काही होत नाही रे, आमची नाही का वाढली डोकी?’ पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला जबर इजा होते, म्हणून मी ठाम नाही म्हणालो. रॉकेलचं नाव तिने काढलं तेव्हा तर मी ओरडलोच. मग ती दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून कानामागे आणि मानेवर पाहिलं, कारण उवा तिथेच जास्त सापडतात. पर्मेथ्रिन 1 टक्का लिहून दिलं. मेडिकलवाल्याने आधी 5 टक्क्यांची ट्यूब पुढे केली होती. ती खरजेची. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा जुळवून बघा, नुसतं ‘उवांचं औषध द्या’ म्हणू नका.

या वेळी शिस्तीत केलं. आधी साध्या शाम्पूने तेल काढलं, कंडिशनर नाही. टॉवेलने पुसून केस दमट ठेवले, डोळ्यांवर घडी करून नॅपकिन दिला, औषध मुळांपासून लावलं, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला. मग बेसिनवर डोकं वाकवून कोमट पाण्याने धुतलं, म्हणजे औषध अंगावर ओघळत नाही. त्यानंतर दोन दिवस केस धुवायचे नाहीत. रात्री पांढऱ्या टॉवेलवर स्टीलच्या फणीने विंचरलं. बाटलीबरोबर येणारी प्लॅस्टिकची फणी फेकून द्या, तिचे दात वाकतात आणि लीख मधून निसटते. टॉवेलवर तिळाएवढ्या सात उवा पडल्या. सहा गपगार. एक पाय हलवत होती, पण दारू प्यायल्यासारखी. डॉक्टर म्हणाले होते, आठ-बारा तासांनी अशी मंद दिसली तर घाबरू नका, औषध लागू पडतंय. पहिल्यासारखीच पळाली तर मात्र औषध बदलावं लागेल. आईने तिला दोन नखांमध्ये धरून टच्च केलं आणि आमचं भांडण तिथे मिटलं.

गुरुवारी मी मोठ्या ऐटीत पोरीला शाळेत घेऊन गेलो.

तपासणीच्या बाईंनी वेणीची रिबन सोडली, पेन्सिलीच्या टोकाने केस बाजूला केले आणि म्हणाल्या, ‘लिखा आहेत अजून.’

‘मॅडम, ती रिकामी टरफलं आहेत.’

‘लीख म्हणजे लीखच ना, सर?’

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी रजा वाचली असती. ऊ अंडं घालते ते केसाच्या मुळाशी, टाळूपासून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत, आणि डिंकासारख्या पदार्थाने ते केसाला चिकटवून टाकते. साधारण आठ-नऊ दिवसांत पिल्लू बाहेर पडतं, टरफल मात्र तिथेच राहतं. धुतलं तरी जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्याच्याबरोबर टरफल टाळूपासून लांब जातं. जिवंत लीख तपकिरी आणि मुळाजवळ. रिकामी पांढरी आणि चटकन दिसणारी. म्हणजे लांबून जी दिसते तिचाच धोका नसतो. बाईंना नेमकी तीच दिसत होती.

‘घरी आई नाहीयेत का हिच्या?’ बाईंनी विचारलं. नाहीत, नागपूरला आहेत. ‘तरीच.’ या ‘तरीच’वर मी आजही मनात उत्तरं तयार करत असतो.

परत डॉक्टरांकडे. त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: ‘उपचार सुरू, जिवंत उवा नाहीत, शाळेत जाण्यास हरकत नाही.’ चारशे रुपये. शुक्रवारी ते घेऊन गेलो. बाईंनी कागद नीट वाचला, मान्य आहे. मग म्हणाल्या, ‘यात लिखा नाहीत असं कुठे लिहिलंय?’ मी गेटवरूनच डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, ‘आहेत त्या नाहीत असं कसं लिहू? आणि रिकाम्या असल्या तर काय बिघडलं, विचारा त्यांना.’ मी विचारलं. बाई म्हणाल्या, नियम आहे. नियम कुठे लिहिलाय? ऑफिसमध्ये. ऑफिसमध्ये क्लार्क म्हणाला, तपासणीच्या बाईंना विचारा.

तेव्हा मला कंपासमधली पट्टी सुचली. बाईंच्या समोर पोरीला वाकवून, एक केस ओढून त्याला पट्टी लावली. टाळूपासून लीख बरोबर दोन सेंटिमीटरवर. ‘बघा मॅडम, दोन सेंटिमीटर म्हणजे ही दोन महिन्यांपूर्वीची. यातून काही निघणार नाही.’

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे दोन महिने तुम्ही लक्षच दिलं नाहीत?’

गेटवर चार पालक उभे होते. व्हॅनवाले काकाही. मी मनात हिशोब केला: दोन महिने म्हणजे मे. मे महिन्यात पोरगी कोल्हापूरला मामाकडे होती, गच्चीवर सहा पोरं एका गादीवर. म्हणजे शाळेवर ढकलायचीही सोय राहिली नाही. पट्टी खिशात घातली आणि पोरीला घेऊन घरी आलो. ‘बाबा, तू हरलास का?’ तिने रिक्षात विचारलं.

शनिवारी आईने घरातल्या सगळ्या गाद्या-उशा काढायचं फर्मान सोडलं. बाहेर धो धो पाऊस. ते करू नका, उगाच कंबर धरेल. डोक्यावरून खाली पडलेली ऊ दिवस-दोन दिवसांत मरते, तिला रक्त लागतं. ती उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. आम्ही उशीचे अभ्रे, रिबनी आणि टॉवेल कढत पाण्यातून काढले आणि ऊन नसल्याने अभ्र्यांवर इस्त्री फिरवली. बस. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा मात्र. आईच्या अंबाड्यात दोन निघाल्या. ‘हिच्याकडूनच आल्या,’ असं तीन वेळा म्हणून झाल्यावर तिनेही औषध लावून घेतलं.

रविवारी मी हार मानली. टरफलं काढायचीच. गॅलरीत खुर्ची टाकली. औषधाचे दोन दिवस उलटून गेले होते, म्हणून केस ओले करून भरपूर कंडिशनर लावला, फणी घसरायला बरी पडते. दर बटेला चिमटा. फणीने निम्मी आली. उरलेली अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखात केस धरून, टोकापर्यंत ओढत. एकेक. ती बोटाला खसखशीसारखी लागते आणि केसावरून सरकता सरकता मध्येच अडते. 163 पर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. साडेतीन तास. पोरीने तेवढ्या वेळात तीनदा शेवयांची खीर मागून खाल्ली आणि आजीकडून चौथीतल्या कविता पाठ करून घेतल्या.

एक राहिलंच, आणि खरं महत्त्वाचं तेच आहे. दुसरा हात. औषध जिवंत उवा मारतं, सगळी अंडी मारत नाही. म्हणून उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाल्यावर, पण ती अंडी घालायच्या वयाची होण्याआधी, साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. बुधवारचं पहिलं, तर पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. कॅलेंडरवर गोल करा. मी दोन आठवड्यांपूर्वी नीट लावलं असतं तरी दुसरा हात न मारल्याने परत तिथेच आलो असतो. मधल्या दिवसांत तीन-चार दिवसांनी ओल्या केसांतून फणी फिरवत राहायची. आणि खाज आठवडाभर राहिली तर औषध वाया गेलं असं समजून रोज रोज लावू नका. माझ्या आईने शनिवारी बाटली हातात घेतलीच होती.

सोमवारी सव्वासातला आम्ही गेटवर. दोन घट्ट वेण्या, नव्या रिबनी, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात लेटरहेड, माझ्या खिशात पट्टी.

तपासणीच्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी कुणी तरुण मॅडम होत्या. त्यांनी डायरीतली लाल ओळ वाचली, ‘झालं ना आता?’ असं विचारलं, खाली निळ्या पेनाने सही केली आणि पोरीला आत सोडलं. केसांना हातही लावला नाही. चारशे रुपयांचा तो कागद अजून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. पावसाने त्याची घडी चिकटली आहे.